हेडसेट चालेना, माईक बोलेना: शेअर्ड कंप्युटरवरून व्हिडिओ कॉल करणाऱ्या नवख्यांसाठी

लायब्ररीतला पीसी, कॉलेजची लॅब, ऑफिसातला शिफ्टमध्ये तिघं वापरतात तो डेस्क, नाहीतर घरातलाच पण सगळ्यांचा मिळून एक असलेला कंप्युटर, अशा मशीनवर कॉलला बसलं की पहिली पाच मिनिटं "हॅलो हॅलो, येतंय का ऐकू" यातच जातात. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा बिघाड असा काही नसतोच. तुमच्या आधी जो बसला होता त्याने काहीतरी बदललं आणि तसंच सोडून गेला, एवढंच असतं. कुणी माईक म्यूट करून ठेवतो, कुणी ब्राउझरला "ब्लॉक" म्हणून ठेवतो, कुणाचा ब्लूटूथ इअरफोन अजून जोडलेलाच असतो. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर जसा विचार करतो तसा इथे करून चालत नाही, इथे पहिला प्रश्न "काय बिघडलं" हा नसून "आधीच्याने काय ठेवलंय" हा असतो.

दुसरं म्हणजे अशा मशीनवर तुमच्याकडे ॲडमिनचे, म्हणजे अख्ख्या मशीनच्या सेटिंग बदलायचे, अधिकार बहुतेक नसतात. म्हणजे नेटवर शोधलं की जे पहिलं उत्तर मिळतं, ड्रायव्हर (विंडोजला हार्डवेअरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) काढा नि परत टाका, ते तुम्हाला करताच येणार नाही, आणि येत असलं तरी करू नका, कारण तुमच्या नंतर अजून दहा जण बसणार आहेत. खाली जे लिहिलंय ते जवळजवळ सगळं साध्या युजरला जमण्यासारखं आहे, जिथे ॲडमिन लागतो तिथे तसं सांगितलंय.

आधी तक्रार नीट ठरवा

"आवाज येत नाहीये" या एका वाक्यात तीन वेगळे प्रॉब्लेम लपलेले असतात. एक, मला समोरच्याचं ऐकू येत नाही. दोन, माझं त्याला ऐकू जात नाही. तीन, जातंय पण फाटतंय, घुमतंय, तुटतंय. ऐकणं म्हणजे आउटपुट, बोलणं म्हणजे इनपुट, दोघांची सेटिंग पूर्ण वेगळी असतात आणि एक नीट असलं म्हणून दुसरं नीट असेलच असं नाही. हेडसेटमधून गाणं मस्त वाजतंय म्हणजे त्याचा माईकही चालतोय असं लोक धरून चालतात, ते चूक आहे.

आवाजाचा रस्ता असा असतो: माईक, वायर, पोर्ट, विंडोज, मग ब्राउझर किंवा ॲप, मग इंटरनेट, मग समोरच्याचं मशीन. नळाला पाणी आलं नाही तर आपण एकदम रस्ता खोदत नाही, आधी कॉक बघतो, मग टाकी बघतो, तसंच इथे जवळून लांब जायचं. बरेच जण उलटं करतात, आधी इंटरनेटला शिव्या घालतात आणि शेवटी कळतं की पिन अर्धीच आत गेली होती.

कॉलच्या दहा-पंधरा मिनिटं आधी जाऊन बसा. आणि हेडसेट कानाला लावायच्या आधी व्हॉल्यूम खाली आणा, हे खरंच करा, कारण आधीचा माणूस १०० वर ठेवून गेला असेल तर कानठळ्या बसतात.

पायरी १: पिन आणि पोर्ट

गोल पिनचा हेडसेट असेल, म्हणजे ३.५ एमएमचा, तर पिनवरचे काळे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर ती नुसत्या स्टिरिओ आवाजाची पिन आहे, म्हणजे साधा हेडफोन, त्यातून माईकचा सिग्नल येतच नाही (दोन वेगळ्या पिनवाल्या हेडसेटमध्ये माईकची पिनही अशीच दिसते, ती वेगळी गोष्ट). तीन पट्टे असतील तर आवाज आणि माईक दोन्ही एकाच पिनमधून जातात, मोबाईलबरोबर मिळणारे इअरफोन असे असतात.

आता मशीनकडे बघा. लॅपटॉपला सहसा एकच भोक असतं, ते कॉम्बो असतं, तीन पट्ट्यांची पिन तिथे बसते आणि चालते. डेस्कटॉपला मात्र बहुतेक दोन वेगळी भोकं असतात, हिरवं म्हणजे आवाज बाहेर, गुलाबी म्हणजे माईक, मागच्या बाजूला निळंही असतं ते लाईन-इन, त्याच्याशी आपलं काही देणंघेणं नाही. मोबाईलचा तीन पट्ट्यांचा इअरफोन हिरव्यात घातला तर ऐकू येईल पण माईक चालणार नाही, आणि गुलाबीत घातला तर बहुतेक दोन्ही बोंबलेल. यासाठी एक छोटी वाय आकाराची वायर मिळते, स्प्लिटर म्हणतात, एका बाजूला तुमची पिन आणि दुसऱ्या बाजूला हिरवी नि गुलाबी अशा दोन पिना. ज्यांना नेहमी वेगवेगळ्या मशीनवर बसावं लागतं त्यांनी ही बॅगेत ठेवावीच. घेताना फक्त ती हेडफोन-माईक वेगळे करणारी आहे ना ते बघा, कारण दिसायला अगदी तशीच पण दोन हेडफोन एकत्र जोडायचीही वायर असते, ती इथे उपयोगाची नाही.

पिन घातल्यावर काही मशीनवर एक खिडकी उघडते, तुम्ही काय जोडलंय असं विचारते, हेडफोन की हेडसेट की माईक. घाईत लोक हेडफोनवर क्लिक करतात आणि मग माईक दिसतच नाही. ती खिडकी परत हवी असेल तर पिन काढा आणि परत घाला, आणि यावेळी हेडसेट निवडा.

पिन पूर्ण आत गेलीय ना बघा, टक असं जाणवेपर्यंत. अर्धवट गेली की विचित्र लक्षणं दिसतात, म्हणजे गाण्याचं संगीत ऐकू येतं पण गायकाचा आवाज कुठेतरी विहिरीतून आल्यासारखा. हेच लक्षण जुन्या मोबाईलच्या काही इअरफोनमध्येही दिसतं कारण त्यांच्यात माईक आणि ग्राउंडची जागा उलटी असते. ओळखायची युक्ती म्हणजे वायरवरचं बटण दाबून धरा, तेवढ्यापुरता आवाज नीट झाला तर इअरफोनच त्या प्रकारचा आहे, सेटिंगमध्ये शोधत बसू नका, दुसरा घ्या.

डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या पोर्टवर फार भरवसा ठेवू नका. आतली वायर मदरबोर्डला जोडलेलीच नाही असंही असू शकतं, मागच्या पोर्टात घालून बघितल्याशिवाय हेडसेट खराब म्हणू नका.

यूएसबी हेडसेट असेल तर काम सोपं, कारण त्यात स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, मशीनच्या ऑडिओ पोर्टचं काय झालंय याच्याशी त्याचा संबंध नाही. माझं स्पष्ट मत, शेअर्ड मशीनवर नेहमी बसायचं असेल तर साधा यूएसबी हेडसेटच बरा, भारी ब्लूटूथपेक्षा सुद्धा. फक्त तो हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डब्यात, न घालता थेट मशीनमध्ये घाला. आणि वेगळ्या यूएसबी पोर्टात घातला की विंडोज कधीकधी त्याला नवीन डिव्हाइस समजतं आणि नावाच्या आधी २ किंवा ३ लावतं, मग यादीत तोच हेडसेट दोनदा दिसला तर दचकू नका. टाईप-सीचा इअरफोन किंवा टाईप-सी ते गोल पिन असं कनेक्टर असेल तर एक लक्षात ठेवा, काही कनेक्टरमध्ये आत चिप असते आणि काही नुसती वायर असतात. नुसत्या वायरवाले काही फोनवर चालतात पण कंप्युटरवर बहुतेक चालत नाहीत.

पायरी २: हेडसेटवरचंच बटण

हे वाचून हसाल पण इथेच बरेच कॉल अडकतात. वायरवर छोटा डबा असेल तर त्यावर म्यूटचं बटण किंवा सरकवायचा खटका असतो, तो बघा, शेजारी व्हॉल्यूमचं चाक असेल तर तेही बघा. काही हेडसेटमध्ये माईकची दांडी वर उचलली की माईक आपोआप म्यूट होतो, खाली केली की सुरू. लॅबमधल्या हेडसेटच्या दांड्या कायम वरच असतात. काहींची दांडी निघते सुद्धा, ती नीट खोचलेली आहे ना बघा.

लॅपटॉप असेल तर कीबोर्डवर माईकवर काट मारलेलं चिन्ह असलेली की शोधा, तिच्यात लाल किंवा केशरी दिवा लागला असेल तर माईक तिथूनच बंद आहे, आणि मग झूममध्ये कितीही अनम्यूट करा, उपयोग नाही.

पायरी ३: विंडोजला काय वाटतंय ते बघा

विंडोज की आणि आय एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडेल, सिस्टिममध्ये जाऊन साउंड उघडा. वर आउटपुट, खाली इनपुट. दोन्हीकडे तुमचा हेडसेट निवडलेला आहे का बघा. इथे नेहमीचा खलनायक म्हणजे मॉनिटर. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या वायरमधून आवाजही जातो, त्यामुळे विंडोज मॉनिटरला स्पीकर समजून सगळा आवाज तिकडे पाठवतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर सगळं शांत. यादीत मॉनिटरच्या कंपनीचं नाव दिसलं की समजा हेच झालंय, हेडसेट निवडा, काम झालं.

इनपुटमध्ये तुमचा माईक निवडून नॉर्मल आवाजात बोला, बाजूची निळी पट्टी हलली पाहिजे. विंडोज ११ मध्ये त्या माईकच्या नावावर क्लिक केलं की आत टेस्टचं बटण आहे, सुरू करा, दोन वाक्यं बोला, थांबवा, तो किती टक्के आवाज आला ते सांगतो. पट्टी हलतेय म्हणजे माईक, वायर, पोर्ट, बटण हे सगळं ठीक आहे आणि आता प्रॉब्लेम पुढे कुठेतरी आहे. ही अख्ख्या लेखातली सगळ्यात कामाची चाचणी आहे, कारण इथे रस्त्याचे दोन तुकडे होतात, पट्टी हलली तर पुढे बघा, नाही हलली तर मागे, मधेच गोंधळ घालायचा नाही.

पट्टी थोडीशीच हलत असेल तर इनपुट व्हॉल्यूम बघा, आधीच्याने २० वर आणून ठेवलेला असू शकतो. ८०च्या आसपास ठेवा. तरी कमीच असेल तर जुनी साउंड खिडकी उघडावी लागते. विंडोज की आणि आर दाबून रन उघडा, त्यात इंग्रजीत एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल असं टाईप करून एंटर मारा. रेकॉर्डिंगच्या टॅबवर तुमच्या माईकवर डबल क्लिक, मग लेव्हल्स. तिथे काही मशीनवर माईक बूस्ट म्हणून असतं, १०, २०, ३० डेसिबल असे टप्पे. १० किंवा २० पुरे, ३० केलं की पंख्याचा घूं घूं आवाजसुद्धा मीटिंगला हजर होतो.

त्याच खिडकीत अजून दोन भानगडी असतात. एक म्हणजे डिफॉल्ट डिव्हाइस आणि डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस हे विंडोजसाठी वेगळे असू शकतात. म्हणून कधीकधी यूट्यूब हेडसेटमध्ये वाजतं आणि कॉल मात्र स्पीकरवर, अख्ख्या खोलीला तुमचा इंटरव्ह्यू ऐकू. हेडसेटवर राइट क्लिक करून दोन्ही त्यालाच द्या, प्लेबॅक टॅबवर पण आणि रेकॉर्डिंग टॅबवर पण. दुसरी भानगड, माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये लिसन नावाचा टॅब आहे, तिथे "लिसन टू धिस डिव्हाइस" वर टिक असेल तर तुमचाच आवाज किंचित उशिराने तुमच्याच कानात येत राहतो आणि बोलता बोलता डोकं फिरतं. टिक काढा.

माईक यादीत दिसतच नसेल तर रेकॉर्डिंग टॅबच्या मोकळ्या जागेत राइट क्लिक करा आणि डिसेबल केलेले डिव्हाइस दाखवा म्हणा, कुणीतरी बंद करून ठेवलेला असेल तर फिकट दिसेल, तिथूनच सुरू करता येतो, पण यासाठी कधीकधी ॲडमिन लागतो.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये साउंड, तिथे इनपुट, तिथे पण तशीच हलणारी पट्टी. लिनक्सवर साउंड सेटिंग्ज पुरतात, नाहीतर पल्स ऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल असेल तर ते उघडा, त्यात कुठलं ॲप कुठल्या माईकवर आहे ते एकेकाचं वेगळं दिसतं.

पायरी ४: परवानग्या, ह्या एक नाही तीन असतात

पट्टी हलतेय तरी मीटिंगमध्ये आवाज जात नाही, तर संशय परवानगीवर.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन. (विंडोज १० मध्ये नुसतं प्रायव्हसी.) सगळ्यात वरचा स्विच पूर्ण मशीनसाठी असतो, तो बंद असेल तर ॲडमिनच चालू करू शकतो, तुमच्या हातात नाही. त्याच्या खालचा स्विच म्हणजे ॲप्सना माईक वापरू द्यायचा का, हा तुमच्या लॉगिनपुरता असतो, तुम्ही बदलू शकता. आणि अगदी खाली डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळा स्विच आहे जो लोकांच्या नजरेतून सुटतो कारण स्क्रोल केल्याशिवाय दिसतच नाही. क्रोम, फायरफॉक्स, झूम हे सगळे त्या डेस्कटॉप ॲप्समध्ये मोडतात, म्हणजे वरचे दोन चालू आणि हा बंद असं असेल तर माईक नाही.

मॅकवर हेच प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये, पण ॲपला परवानगी दिल्यावर ते ॲप पूर्ण बंद करून परत उघडावं लागतं.

मग ब्राउझरची परवानगी. ही प्रत्येक वेबसाईटसाठी वेगळी असते आणि ब्राउझर ती लक्षात ठेवतो. सगळे जण एकाच लॉगिनवर एकच ब्राउझर वापरत असतील आणि कधीतरी कुणीतरी घाबरून ब्लॉक दाबलं असेल तर तुम्हाला विचारणारी खिडकी उघडणारच नाही, थेट नकार. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला कुलूप किंवा दोन सरकपट्ट्यांसारखं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करा, मायक्रोफोन चालू करा आणि पान रीलोड करा, रीलोड केल्याशिवाय काही होत नाही.

यातून सोपी पळवाट म्हणजे ब्राउझरच्या गेस्ट विंडोमध्ये मीटिंग उघडायची (नुसत्या इन्कॉग्निटोवर भरवसा नको, क्रोममध्ये आधीचं ब्लॉक तिथेही लागू राहतं). गेस्टमध्ये आधीच्यांनी दिलेला नकार सहसा लागू होत नाही, परवानगी नव्याने विचारली जाते, आणि खिडकी बंद केली की तुमचं लॉगिनही जातं. शेअर्ड मशीनवर मी तर म्हणेन हीच पद्धत ठेवा, प्रॉब्लेम असो वा नसो. ब्राउझरच्या मेनूत "मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन" असं लिहिलेलं असेल आणि माईकचा स्विच फिकट दिसत असेल तर मात्र तो वरून बंद केलाय, तिथे डोकं आपटू नका.

पायरी ५: ॲपच्या आत

प्रत्येक मीटिंग ॲपची स्वतःची माईक-स्पीकरची निवड असते आणि ती विंडोजपेक्षा वेगळी असू शकते. विंडोजमध्ये हेडसेट, पण झूमला अजून आठवतोय मागच्या आठवड्यात कुणीतरी लावलेला वेबकॅमचा माईक, असं सर्रास होतं.

झूममध्ये आधी बघा की तुम्ही ऑडिओला जोडलेले आहात का. खाली डाव्या कोपऱ्यात माईकच्या ऐवजी हेडफोनचं चित्र आणि "जॉईन ऑडिओ" दिसत असेल तर तुम्ही मीटिंगमध्ये आहात पण आवाजाशिवाय, त्यावर क्लिक करून कंप्युटर ऑडिओ निवडा. माईकच्या शेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की यादी येते, तिथे हेडसेट निवडा आणि तिथेच टेस्टचा पर्यायही आहे. एकट्याने तपासायचं असेल तर ब्राउझरमध्ये झूम डॉट यूएस स्लॅश टेस्ट उघडा, खोटी मीटिंग सुरू होते.

गूगल मीटमध्ये आत जायच्या आधीच्या पानावर माईक आणि स्पीकर निवडता येतात, घाईत जॉईन दाबू नका, तिथे दोन सेकंद थांबा. टीम्सच्या डेस्कटॉप ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये डिव्हाइसेसखाली टेस्ट कॉल आहे, तो तुमचा आवाज रेकॉर्ड करून तुम्हालाच ऐकवतो, मला वाटतं तिन्हींमध्ये हा प्रकार सगळ्यात प्रामाणिक आहे.

म्यूटचे शॉर्टकट पाठ असू द्या. झूमला आल्ट आणि ए, मीटला कंट्रोल आणि डी, टीम्सला कंट्रोल, शिफ्ट आणि एम. आणि होस्टने, म्हणजे मीटिंग चालवणाऱ्याने, सगळ्यांना म्यूट करून अनम्यूटची परवानगीच काढली असेल तर तुमच्याकडून काहीच होणार नाही, चॅटमध्ये लिहून विचारा, सेटिंग उकरत बसू नका.

तुम्हाला ऐकू येत नसेल तर अजून एक, ब्राउझरचा टॅब म्यूट असू शकतो. टॅबवर राइट क्लिक करून बघा. आणि विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये प्रत्येक ॲपचा वेगळा आवाज असतो, तिथे कुणी ब्राउझर शून्यावर आणून ठेवला असेल तर बाकी सगळं वाजेल आणि मीटिंग नाही.

पायरी ६: आधीच्या माणसाचं भूत

हा भाग खास शेअर्ड मशीनचा. विंडोजमध्ये एक जण लॉगआउट न करता निघून जातो, दुसरा "अदर युजर" करून आपलं लॉगिन उघडतो, पण पहिल्याचं सेशन, म्हणजे त्याने लॉगिन करून उघडलेलं सगळं, मागे जिवंतच असतं, त्याचा झूम, त्याचा ब्राउझर, सगळं. साधारणपणे विंडोजवर दोन ॲप एकच माईक एकाच वेळी वापरू शकतात, पण एखाद्या ॲपने माईकचा पूर्ण ताबा घेतला, ज्याला एक्सक्लुझिव्ह कंट्रोल म्हणतात, तर दुसऱ्याला "माईक वापरात आहे" असा मेसेज येतो. तुमच्याच सेशनमध्ये दोन मीटिंग ॲप, एखादं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, विसरलेला मीटिंगचा टॅब असं काही उघडं असेल तर आधी बंद करा.

ते करूनही होत नसेल तर रीस्टार्ट. शटडाउन करून परत चालू करणं आणि रीस्टार्ट हे विंडोजवर सारखं नाही, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये सिस्टिमचा काही भाग जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून रीस्टार्टच करा. पण दुसरं कुणी लॉगिन असेल तर विंडोज तशी सूचना देतं, त्या माणसाचं न सेव्ह केलेलं काम जाईल, तेव्हा आजूबाजूला विचारून मगच. काही लॅबमध्ये डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर असतं, रीस्टार्ट केलं की मशीन ठरलेल्या अवस्थेत परत येतं. त्याचा फायदा म्हणजे आधीच्यांनी केलेला गोंधळ साफ, तोटा म्हणजे तुम्ही आत्ता लावलेली सेटिंग आणि डेस्कटॉपवर ठेवलेली फाईलही साफ.

ब्लूटूथचं तर विचारूच नका. एकदा जोडी केलेला हेडसेट मशीनच्या लक्षात राहतो, त्याचा मालक पलीकडच्या खोलीत बसलेला असला तरी चालू असेल तर जोडला जाऊ शकतो आणि तुमचा कॉल त्याच्या कानात. ब्लूटूथच्या यादीत अनोळखी हेडसेट "कनेक्टेड" दिसला तर डिस्कनेक्ट करा, किंवा ब्लूटूथच बंद करा.

तुमचा स्वतःचा ब्लूटूथ असेल तर त्याचे दोन अवतार असतात हे माहीत हवं. गाणी ऐकताना तो स्टिरिओ असतो, चांगला आवाज, पण त्यात माईक नाही. माईक चालू झाला की तो हँड्स-फ्रीमध्ये जातो आणि आवाज एकदम जुन्या लँडलाईनसारखा होतो, कारण तिथे आवाजाचा सॅम्पलिंग रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. हेडसेट खराब झालेला नसतो. विंडोज १० मध्ये हे दोन्ही यादीत वेगळे दिसतात, आउटपुटला स्टिरिओ आणि इनपुटला हँड्स-फ्री असं निवडलं की कॉलमध्ये ऐकूच येत नाही असं होतं, दोन्हीकडे हँड्स-फ्री निवडा. याहून चांगला जुगाड म्हणजे ऐकायला ब्लूटूथ स्टिरिओ आणि बोलायला लॅपटॉपचा स्वतःचा माईक, खोली शांत असेल तर हे फार छान चालतं.

पायरी ७: आवाज जातोय पण घाण जातोय

घुमत असेल तर एक नियम: तुमचाच आवाज तुम्हाला परत ऐकू येत असेल तर दोष सहसा समोरच्याकडे आहे, त्याच्या स्पीकरमधला तुमचा आवाज त्याचा माईक परत उचलतोय. आणि लोक म्हणत असतील की आम्हाला आमचाच आवाज येतोय, तर दोष तुमच्याकडे, हेडसेट लावलाय असं तुम्हाला वाटतंय पण आवाज स्पीकरमधून येतोय किंवा माईक लॅपटॉपचा चालू आहे. मोठी मीटिंग असेल तर एकेकाला म्यूट करत जा, ज्याला म्यूट केल्यावर घुमणं थांबलं तोच तो. एकाच खोलीत दोन मशीन एकाच मीटिंगला जोडलेली असतील तर किंचाळी निघणारच, एकावरच माईक आणि स्पीकर ठेवा, दुसऱ्यावर दोन्ही बंद.

तुटतंय, रोबोटसारखं येतंय, तर हेडसेट की इंटरनेट हे वेगळं करा. विंडोजचं साउंड रेकॉर्डर (१० मध्ये व्हॉइस रेकॉर्डर) उघडून अर्धा मिनिट बोला आणि ऐका. याला इंटरनेट लागतच नाही. रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर माईक निर्दोष, गडबड नेटची. मग आधी कॅमेरा बंद करा, कारण आवाजाला १०० किलोबिट प्रति सेकंदाच्या आतबाहेर पुरतं, खरं खातो तो व्हिडिओ. रेकॉर्डिंगमध्येच खरखर असेल तर वायर पिनपाशी हलवून बघा, हलवल्यावर खरखर बदलली तर वायर आतून तुटत आलीय.

फूफू असा श्वासाचा आवाज येत असेल तर माईक तोंडासमोरून बाजूला, गालाकडे घ्या, दोन बोटं अंतर ठेवून.

रिमोट डेस्कटॉपवर बसला असाल तर

काही ठिकाणी समोरचा डबा नुसता स्क्रीन असतो, खरा कंप्युटर सर्व्हरवर, तिथे वरचं सगळं करूनही माईक दिसत नाही, कारण तुमचा माईक तिकडे पाठवलेलाच नसतो. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये जोडण्याआधी शो ऑप्शन्स, लोकल रिसोर्सेस, रिमोट ऑडिओच्या सेटिंग्ज, तिथे रेकॉर्डिंग या कंप्युटरवरून करा असं निवडावं लागतं. जमत असेल तर मीटिंग समोरच्या मशीनच्याच ब्राउझरमध्ये उघडा, आवाजाला उशीर होत नाही.

वेळच नसेल तर

कॉल सुरू झालाय आणि काही जमत नाहीये, तर भिडस्तपणा सोडा आणि चॅटमध्ये लिहा "माईकचा प्रॉब्लेम आहे, दोन मिनिटं". मग मोबाईलवरून त्याच मीटिंगच्या लिंकवर या, बोलणं-ऐकणं मोबाईलवर, आणि कंप्युटरवर फक्त स्क्रीन बघायला ठेवा. कंप्युटरचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करायला विसरलात तर वर सांगितलेली किंचाळी ऐकायला मिळेल.

लॅबवाल्यांना किंवा आयटीवाल्यांना बोलावायचं असेल तर "माईक चालत नाही" एवढंच सांगितलं की ते पहिल्यापासून सुरू करतात. असं सांगा: यूएसबी हेडसेट आहे, विंडोजमध्ये पट्टी हलतेय, ब्राउझरला परवानगी आहे, वरचा मायक्रोफोनचा स्विच बंद दिसतोय आणि मला बदलता येत नाही. किंवा: दोन वेगळे हेडसेट लावून बघितले, पुढे मागे दोन्ही पोर्टात, यादीत काहीच येत नाही. यावरून त्यांना लगेच कळतं की ड्रायव्हर बघायचा, ऑडिओ सर्व्हिस परत सुरू करायची की मशीनच बदलून द्यायचं.

उठायच्या आधी

मीटिंग नुसती मिनिमाइझ नको, लीव्ह करा. झूम, टीम्स, ब्राउझर, जिथे जिथे तुमचं अकाउंट टाकलं तिथून साइन आउट करा, गेस्ट किंवा इन्कॉग्निटो असेल तर त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा. तुमचा ब्लूटूथ हेडसेट यादीतून रिमूव्ह करा, नुसता डिस्कनेक्ट नको. बूस्ट वाढवलं असेल तर परत खाली, व्हॉल्यूम ३०-४० वर. हेडसेट तिथलाच असेल तर प्लास्टिकचा भाग अल्कोहोलवाल्या वाइपने पुसा, माईकच्या जाळीवर थेट स्प्रे मारू नका. दांडीने म्यूट होणारा असेल तर दांडी खाली करून ठेवा. आणि मग लॉगआउट, लॉक नव्हे.